खंडव्याची बस सुटेपर्यंत

चार वर्षं रोज साडेदहाला
ढमढेरे माझ्यासमोर असत.
छातीपर्यंत.
मागे फिकट हिरवी भिंत, एका खिळ्याला
सहकारी बँकेचं कॅलेंडर,
ज्याचं पान उलटायला ते हमखास विसरत.
बडोद्यातली तेवढी हातभर भिंत
मला तोंडपाठ होती.

मी इकडे स्नेहलतागंजात
लोणच्याच्या बरण्या एका कडेला सारून
जेवणाच्या टेबलावर विम्याचे दावे तपासायची.
मेलेल्या गाईच्या वयापासून बिल्ल्याच्या नंबरापर्यंत
दोन-दोन परिच्छेद लिहून पाठवायची,
आणि त्यांचं उत्तर यायचं : ‘ठीक.’
कधी ‘नाही.’
एकदा तर नुसताच ‘न.’
त्या ‘न’वर मी आठ दिवस जळले.
नवऱ्याला म्हटलं, हा माणूस आहे की रबरी शिक्का?
मग मीही ‘ठीक’ लिहू लागले,
पूर्णविराम जरा जोरात दाबून.

मार्चात त्यांचा फोन आला.
पुतणीचा साखरपुडा आहे खंडव्याला,
इंदूरला बस बदलायची, मधे पन्नास मिनिटं,
तुम्हाला जमत असेल तर.

सरवटे स्टँडसमोर, सकाळी सहाला,
मी त्यांना ओळखलंच नाही.
पडद्यावर सगळ्यांची उंची एकच असते,
हे तर माझ्या खांद्याला लागत होते.
तेच पुढे आले, म्हणाले,
‘शेवडेताई, आवाज येतोय का?’
आणि आम्ही भर रस्त्यात हसत सुटलो.

पोहेवाल्याने झाकण उचललं. वाफ.
कागदावर पोहे, वर शेव, जीरावणाची चिमूट.
त्यांनी कागद डाव्या तळव्यावर घेतला
आणि उजवा हात पहिल्यांदाच
खिशातून बाहेर आला.
अंगठा. तर्जनी.
त्यापुढे काही नाही.

मी जिलबीच्या कढईकडे बघत राहिले.
‘लेथवर,’ ते म्हणाले. ‘मकरपुऱ्याला, चोविसाव्या वर्षी.
डाव्याला शिकवून पाहिलं, पण तो हट्टी निघाला.’
आणि दोन बोटांनी जिलबी मोडून
अर्धी माझ्या कागदावर ठेवली.

त्यानंतर बराच वेळ आम्ही बोललो नाही.
तिकडे एवढी शांतता झाली असती
तर कुणीतरी घाबरून म्हणालं असतं,
नेटवर्क गेलं वाटतं.
इथे कुठे काय गेलं होतं?
एक टेम्पो मागे मागे येत होता,
कंडक्टर खंडवा-खंडवा ओरडत होता,
झाडूवाली बाई आली, म्हणाली, पैर उठाओ भिया,
आणि आम्ही दोघांनी
एकदमच पाय उचलले.

बस लागली. मी नमस्काराला हात जोडायला गेले,
मधेच थांबले, उजवा पुढे केला.
त्यांनीही उजवाच दिला.
गरम होता,
पाकाने थोडा चिकट.
दाव्यांचा विषय निघालाच नाही
हे मला घरी जाताना,
नेहमीचं वळण चुकल्यावर आठवलं.

सोमवारी साडेदहाला तीच भिंत.
कॅलेंडर अजून फेब्रुवारीत.
छातीपर्यंत ढमढेरे,
पण आता चौकटीखाली काय चाललंय
ते मला दिसत होतं.

दुपारी एका म्हशीचा दावा पाठवला.
उत्तर आलं : ‘ठीक’
मी ते सावकाश वाचलं,
आधी ठ, मग ती वेलांटी, मग क,
जेवढा वेळ त्यांना लागला असेल तेवढा घेऊन.

पुढे पूर्णविराम नव्हता.
जुनी उत्तरं उघडून पाहिली.
कुठेच नव्हता.
इतकी वर्षं तो
मीच लावून वाचत होते.